फोटोत काही नाही, तरी बोट वाकडं

मराठीत ‘मुका मार’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. रक्त नाही, जखम नाही, नुसती सूज आणि ठणका. रविवारी सकाळी मैदानावर सीझन बॉलचा झेल चुकतो, चेंडू सरळ बोटाच्या टोकावर आदळतो आणि बघता बघता बोटाचा मधला सांधा बोरासारखा टरारतो. खेळणारा हात झटकतो, बोट काखेत दाबतो, बाटलीतलं गार पाणी त्यावर ओततो. तोवर कुणीतरी अनुभवी गृहस्थ पुढे होतात. ‘हलतंय ना? मग काही नाही. मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल.’ एवढं बोलून ते बोट चिमटीत धरून हलकासा झटकाही देतात. खेळ पुढे सुरू होतो.

सूज दोन दिवसांत उतरत नाही. दोन आठवड्यांत थोडी उतरते. तिसऱ्या आठवड्यात लक्षात येतं की पँटच्या खिशात हात घालताना एक बोट अडकतंय. तोंड धुताना तेच बोट डोळ्यात जातंय. हात टेबलावर पालथा ठेवला तर बाकीची बोटं आडवी पसरतात आणि हे एकटं घर केल्यासारखं मध्ये उभं राहतं. दुसऱ्या हाताने दाबलं तर अजून बऱ्यापैकी सरळ होतं, सोडलं की पुन्हा वाकतं. मग डॉक्टरांकडे धाव. आणि तिथे पहिलंच वाक्य असतं, ‘अहो, त्या दिवशी तर सरळ होतं!’

हे वाक्य खरं असतं, आणि गोंधळाचं मूळही तेच. बोटाच्या सांध्याला मार लागल्यावर उरणारं वाकडेपण बऱ्याचदा मार लागला त्या दिवशी आलेलंच नसतं. ते नंतरच्या आठवड्यांत हळूहळू घडत जातं. हाड मोडलं की माणूस त्याच दिवशी सावध होतो. इथे जे तुटलंय ते दिसत नाही, आणि जे दिसतं ते तुटल्यावर वीसेक दिवसांनी.

‘हलतंय ना?’ ही कसोटीही फसवी आहे. हाडाला चीर गेलेलं बोटसुद्धा हलतं. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, जिला डॉक्टर मंडळी टेंडन म्हणतात, ती तुटली तरी शेजारच्या दोऱ्यांच्या जोरावर बोट काही दिवस काम भागवून नेतं. आपल्याकडे एक्स-रेला अजूनही ‘फोटो’ म्हणतात आणि ‘फोटोत काही नाही’ हे वाक्य घरी येऊन मोठ्या समाधानाने सांगितलं जातं. पण फोटोत हाडं दिसतात. दोऱ्या, पट्ट्या, सांध्याभोवतीची पिशवी यांतलं काहीच त्यात दिसत नाही. शिवाय फोटो अख्ख्या हाताचा आडवा काढला तर चारही बोटं एकमेकांवर येतात आणि जे कपचीएवढं हाड निघालेलं असतं ते त्या गर्दीत हरवतं. दुखऱ्या बोटाचा एकट्याचा, बरोबर बाजूने काढलेला फोटो मागून घ्यावा लागतो. हे सांगायला संकोच वाटतो खरा, पण वाकड्या बोटापेक्षा तो संकोच परवडला.

आता जरा बोटाच्या आत डोकावू. एक हात टेबलावर ठेवावा, दुसऱ्या हाताने त्याचं कोपराखालचं मनगटापर्यंतचं अंग धरावं आणि बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवावीत. हालचाल बोटांत होते, पण फुरफुर जाणवते ती कोपराजवळ. बोटाच्या आत ते हलवणारा एकही स्नायू नसतो. स्नायू असतात ते कोपराखाली आणि काही छोटे तळहातात. तिथून निघालेल्या कंडरा बोटांच्या हाडांना येऊन चिकटतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे सांगायला नको. बाहुली नाचते पुढे, बोटं हलतात मागे. फरक इतकाच की बाहुलीचा दोरा तुटला तर हात खाली लोंबतो आणि प्रेक्षकांना लगेच कळतं.

जप करताना अंगठ्याने मोजतो ती पेरं म्हणजे बोटातली तीन हाडं. तळहाताशी जोडणारा धरून त्यांना तीन सांधे. मुठीच्या उंचवट्याचा सांधा थोडा डाव्या-उजव्या बाजूलाही झुकतो. मधला सांधा मात्र पक्की बिजागरी आहे: उघडणं आणि मिटणं, बस्स. पण मिटतो तो शंभर अंशांहून जास्त. मूठ वळणं, घास घेणं, बादलीची कडी धरणं या सगळ्यात मोठा वाटा त्याचा. या बिजागरीला दोन बाजूंनी दोन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्या, आवळून धरतात. तळव्याच्या बाजूला एक जाड चिवट पट्टी असते, जी बोट उलटं जाऊ देत नाही. तिला व्होलर प्लेट म्हणतात. आणि पाठीच्या बाजूला असते बोट सरळ करणारी कंडरा. खरा घोळ तिथेच आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबायला हवं.

ही पाठीमागची कंडरा एकच एक दोरी नसते. पहिल्या पेरावर तिचे तीन पदर होतात. मधला पदर दुसऱ्या पेराच्या बुडाशी चिकटतो आणि मधला सांधा सरळ करतो. उरलेले दोन पदर सांध्याच्या दोन्ही अंगांनी पुढे जातात, एकत्र येतात आणि शेवटच्या पेराला धरून नखाकडचं टोक उचलतात. आता समजा, चेंडूच्या तडाख्याने मधला सांधा जोरात वाकला आणि फक्त मधला पदर तुटला. बाजूचे दोन पदर शाबूत आहेत आणि सुरुवातीला जागेवरही आहेत, त्यामुळे बोट अजून सरळ होतं. ‘हलतंय ना?’ हलतंय! पण मधला पदर गेल्याने त्या दोघांना एकत्र धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. रोजच्या वापरात ते हळूहळू सांध्याच्या कडांवरून खाली, तळव्याच्या बाजूला घसरू लागतात. एक ते तीन आठवड्यांत सांध्याचं हाड त्या दोन पदरांच्या फटीतून वर डोकं काढतं, शर्टाच्या काजातून बटण बाहेर यावं तसं. फ्रेंच भाषेत काजाला ‘बुतोनियेर’ म्हणतात, आणि जगभरच्या हाताच्या डॉक्टरांनी या व्यंगाला तेच नाव दिलंय.

पुढची गंमत क्रूर आहे. बाजूचे पदर एकदा सांध्याच्या मध्यरेषेखाली उतरले की त्यांची ओढ उलटी होते. बोट सरळ करणारी दोरी आता मधला सांधा वाकवू लागते आणि तिचा सगळा जोर शेवटच्या पेरावर येऊन ते मागे ताठ होतं. म्हणजे माणूस जितका जोर लावून बोट सरळ करायला जातो तितकं ते मध्ये वाकतं.

गंमत अशी की तुटलेला मधला पदर पहिल्या दिवसांतच ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. एल्सन नावाच्या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने ती १९८६ साली लिहून ठेवली आणि तिला फोटो लागत नाही की यंत्र. हात टेबलावर ठेवून दुखरं बोट टेबलाच्या कडेवरून मधल्या सांध्यात काटकोनात खाली वाकवायचं. डॉक्टर दुसऱ्या पेरावर बोट दाबून धरतात आणि सांगतात, ‘आता सरळ करा.’ मधला पदर शाबूत असेल तर दाबणाऱ्या बोटाला वरचा जोर जाणवतो आणि शेवटचं पेर ढिलं, लुळं राहतं. पदर तुटला असेल तर मधल्या पेरात जोर नसतो, उलट शेवटचं पेर कडक होऊन मागे तणतं. सगळी ताकद चोरवाटेने टोकाला गेलेली असते. मिनिटभराची तपासणी आहे. पण ती करण्यासाठी बोट आधी डॉक्टरांपर्यंत पोचायला हवं, आणि आपलं बोट तर मैदानावरच ‘मुका मार’ ठरलेलं असतं.

वेळेत कळलं तर उपचार सोपा आहे, कंटाळवाणा मात्र भरपूर. फक्त मधला सांधा सरळ धरणारी स्प्लिंट साधारण सहा आठवडे, रात्रंदिवस. शेवटचा सांधा मोकळा ठेवायचा आणि तो मुद्दाम वाकवत राहायचा, कारण त्या हालचालीने घसरू पाहणारे पदर वर आपल्या जागी ओढले जातात. उशीर झाला, सांधा आखडला, की पुढचं सगळं अवघड.

टोकाच्या सांध्याची गोष्ट वेगळी, आणि ती मैदानावर घडते तशी घरातही घडते. गादीखाली चादर खोचताना बोटाचं टोक अचानक मुडपतं, कट्कन होतं, आणि नखाकडचं पेर मान टाकल्यासारखं खाली झुकतं. दुखतंही फारसं नाही. दुसऱ्या हाताने उचललं तर सरळ होतं, सोडलं की पुन्हा लोंबतं. टोक उचलणारी कंडरा सुटलेली असते, कधी हाडाचा बारीक तुकडा घेऊन. याला म्हणतात मॅलेट फिंगर. मॅलेट म्हणजे मोगरी, लाकडी हातोडा. बोट तसंच दिसतं. मोजे ओढताना, गाडीचं दार लावतानाही हे होतं. इतक्या क्षुल्लक कारणाने बोट वाकडं झालं हे सांगायला लोक लाजतात आणि त्या लाजेत चार आठवडे निघून जातात.

इथे फक्त शेवटचा सांधा सरळ ठेवणारी, पेनाच्या टोपणासारखी दिसणारी छोटी स्प्लिंट घालतात. सहा ते आठ आठवडे, अखंड; त्यानंतर काही आठवडे फक्त रात्री. ‘अखंड’ या शब्दाचा अर्थ रुग्ण आपापल्या सोयीने लावतात, आणि घोटाळा होतो. तुटलेल्या कंडरेची दोन टोकं जवळ येऊन त्यांच्यात नवा चिवट धागा विणला जात असतो. एकोणचाळीस दिवस सांभाळलेलं बोट चाळिसाव्या दिवशी आंघोळीला स्प्लिंट काढून एकदा वाकलं, तर तो धागा ताणतो आणि मोजणी पुन्हा एकपासून. कणीक मळायची कशी, भांडी घासायची कशी, केस धुवायचे कसे, हे प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसतात. पण उपचार फसतो तो नेमका तिथे. ओल्या स्प्लिंटखाली कातडी पांढरी पडून सोलते, म्हणून ती अधूनमधून काढून पुसावीच लागते. त्याची रीत अशी: हात टेबलावर पालथा, दुखरं बोट टेबलाला पूर्ण टेकलेलं, स्प्लिंट पुढे सरकवून काढायची, बोट टेबलावरच ठेवून कोरडं करायचं, आणि टोकाला खालून आधार देत पुन्हा चढवायची. घरात दुसरं माणूस मदतीला असलं तर बरं. इतकं करूनही टोकाला काही अंशांचा झुकाव आणि सांध्यावर बारीकसा उंचवटा पुष्कळदा राहतो. तेवढं राहिलं तर उपचार यशस्वीच म्हणायचा. या दुखापतीत एक दिलासा मात्र आहे: दोन-तीन आठवडे उशीर झाला तरी स्प्लिंट बऱ्याचदा काम करते. अगदीच दुर्लक्ष झालं तर टोकाची सुटलेली ओढ मधल्या सांध्यावर येते, तो मागे झुकतो आणि बोटाला हंसाच्या मानेसारखा बाक येतो.

लहान मुलांचं बोट दारात चेमटून असंच झुकलं आणि नखाच्या मुळाशी रक्त दिसलं, तर ते मॅलेट समजून घरी पट्टी बांधत बसू नये. मुलांमध्ये तिथे हाड वाढवणारा भाग असतो. त्यालाच चीर जाऊन जखम आतपर्यंत उघडी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिसरी आणि सगळ्यात जास्त आढळणारी दुखापत म्हणजे बोट उलटं जाणं. चेंडू टोकावर बसतो, मधला सांधा मागे मुडपतो आणि तळव्याच्या बाजूची पट्टी फाटते. जोर जास्त असेल तर सांधा निखळतोच. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, क्रिकेट, सगळीकडे हे रोजचं. सौम्य दुखापतीत इथे नेमका उलटा उपचार लागतो. फार दिवस बांधून ठेवायचं नाही. दुखरं बोट शेजारच्या बोटाला पट्टीने जोडायचं आणि लवकरात लवकर वाकवायला लागायचं.

म्हणजे एकाच बोटावर, एकाच चेंडूने, एकसारखी सूज आणणाऱ्या तीन दुखापती. एकीत मधला सांधा सहा आठवडे सरळ आणि टोक हलतं. दुसरीत टोक सहा-आठ आठवडे सरळ आणि मधला हलता. तिसरीत काहीच जखडून ठेवायचं नाही. शेजाऱ्याला ज्या पट्टीने गुण आला ती आपल्याला का लागू पडत नाही, याचं उत्तर एवढंच आहे. ‘बोट लागलं’ हे निदान नव्हे.

तिसऱ्या दुखापतीत वाकडेपण येतं ते आखडण्यातून. मधल्या सांध्याची पिशवी छोटी आणि घट्ट असते. तिच्यात पाणी भरलं की सांधा आपोआप किंचित वाकून राहतो, कारण त्या अवस्थेत पिशवीत जागा सर्वात जास्त असते आणि दुखणं सर्वात कमी. माणूसही त्याला तसाच राहू देतो. मग तळव्याकडची फाटलेली पट्टी त्या वाकलेल्या अवस्थेतच भरून येते, आकसते, आणि तिच्या दोन्ही कडांना चिवट दोर तयार होतात. शल्यचिकित्सक त्यांना घोड्याच्या लगामावरून नाव देतात, आणि ते चपखल आहे. बोट सरळ व्हायला निघालं की लगाम खेचला जातो. या बोटाचं काजातून डोकं काढणाऱ्या बोटाशी वरवर फार साम्य दिसतं. एक खूण वेगळी: लगाम लागलेल्या बोटाचं टोक मागे तणलेलं नसतं.

बोट निखळणं मोठ्या मैदानांवरही चुकत नाही. १३ जून २०२५ रोजी लॉर्ड्सवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचा तिसरा दिवस होता. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ हेल्मेट घालून पहिल्या स्लिपमध्ये नेहमीपेक्षा बराच पुढे उभा होता. मिचेल स्टार्कच्या चेंडूवर तेंबा बवुमाची कड लागली, झेल सुटला आणि स्मिथच्या उजव्या करंगळीचा सांधा कातडी फाडून निखळला. तो तडक मैदान सोडून गेला. रुग्णालयात तपासणी झाली, शस्त्रक्रिया टळली, आठ आठवड्यांची स्प्लिंट लागली. वेस्ट इंडिजमधली पहिली कसोटी त्याने सोडली आणि ग्रेनाडातल्या दुसऱ्या कसोटीत तो परतला, तोही स्लिपपासून दूर. आपल्या रोहित शर्माची गोष्ट तर मुंबईच्या मैदानांवर अजून सांगितली जाते. डिसेंबर २०२२ मध्ये मिरपूरला स्लिपमध्ये झेल घेण्याच्या प्रयत्नात डाव्या अंगठ्याला मार लागला आणि तरी नवव्या क्रमांकावर येऊन त्याने २८ चेंडूंत नाबाद ५१ केल्या. ही गोष्ट सांगताना तिचा एक तुकडा गळतो: तो आधी रुग्णालयात जाऊन तपासून आला होता, फलंदाजी नंतर. गल्लीतला खेळाडू अनुकरण करतो ते नेहमी दुसऱ्या अर्ध्या भागाचं.

निखळलेलं बोट मैदानावरच ओढून बसवण्याची रीत जगभर आहे, आणि कित्येकदा ते बसतंही. पण ओढणाऱ्याला हाड मोडलंय की नाही ते दिसत नसतं. बसलं तरी फोटो हवाच आणि एका ओढीत बसलं नाही तर दुसरी ओढ मारू नये, कारण आत काहीतरी अडकलेलं असू शकतं.

कबड्डीत आणखी एक प्रकार होतो. चढाई करणाऱ्याची बनियन किंवा चड्डी मुठीत धरलेली असते, तो हिसडा मारून निघतो आणि पकडणाऱ्याच्या बोटाचं, बहुधा अनामिकेचं, टोक वाकवणारी तळव्याकडची कंडरा हाडापासून सुटते. बोट अगदी सरळ दिसतं, फक्त शेवटचं पेर स्वतःहून वाकत नाही. तुटलेली दोरी कधीकधी तळहातापर्यंत मागे जाते. इथे स्प्लिंटने भागत नाही, शस्त्रक्रिया लागते, आणि दिवस मोजके असतात. आठवडाभराच्या आत गेलेलं बरं.

पेराचं हाड मोडून पिळलं गेलं तर तेही बोट सरळ ठेवल्यावर कळत नाही. मूठ वळून पाहावी. निरोगी बोटं मिटताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला रोख धरून शेजारी शेजारी बसतात. एखादं शेजारणीच्या अंगावर चढलं, तर हाड फिरलंय.

आता तेलाकडे. आपल्याकडे सुजलेल्या सांध्याला पहिला मान मालिशचा. कोमट तेल, अंगठ्याने रगडणं, मग बोट ओढून ‘मोकळं’ करणं. ताज्या फाटलेल्या पट्टीवर आणि तुटलेल्या पदरावर हा प्रयोग म्हणजे उसवलेली शिवण ताणून पाहणं. परंपरेचा हवाला द्यायचा तर सुश्रुतसंहिता उघडून बघावी. सांधा निखळण्याचे सहा प्रकार तिथे वेगळे केले आहेत, आणि मोडलेल्या किंवा निखळलेल्या बोटासाठी सांगितलंय ते असं: बोट सरळ जागेवर बसवा, बारीक पट्टीने गुंडाळा आणि वरून तुपाचा सेक द्या. रगडा, असं नाही. तूप सोडलं तर आजचा डॉक्टर त्यात फारसा बदल सुचवणार नाही.

आखडून बसलेल्या बोटालाही जोर चालत नाही, हे ज्यांनी पटवून दिलं त्यांत पॉल ब्रँड यांचं नाव मोठं. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ मध्ये जन्मलेले ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या हातांवर काम करू लागले. ती बोटं मारामुळे वाकलेली नव्हती, नसा गेल्यामुळे होती. पण वर्षानुवर्षं वाकून राहिल्याने सांधे तसेच आखडले होते, आणि आखडण्याचं शास्त्र दोन्हीकडे एकच. हिसका देऊन सरळ केलेलं बोट आत फाटतं, सुजतं आणि जास्त आखडतं. ब्रँड यांच्या पद्धतीत बोट जिथवर आपणहून सरळ होतं तिथवरच धरून त्याभोवती ओल्या प्लास्टरची पातळ पट्टी नळीसारखी गुंडाळतात. काही दिवसांनी ती पाण्यात भिजवून काढतात. बोट दोन-चार अंश पुढे सरकलेलं असतं. तिथे नवी नळी. असं आठवडेच्या आठवडे. हळुवार, सततच्या ताणाने कातडी आणि पट्ट्या फाटत नाहीत, वाढतात. आज स्प्रिंगच्या तयार स्प्लिंटही मिळतात, तरी हट्टी सांध्यासाठी हाताचे थेरपिस्ट अजून ही प्लास्टरची नळी करतात. स्वस्त आहे आणि रुग्णाला ती मध्येच काढून ठेवता येत नाही, हा तिचा सर्वात मोठा गुण.

शस्त्रक्रियेचा क्रम यानंतर. जुन्या वाकडेपणात ताठरलेला सांधा आधी अशा उपायांनी लवचीक करून घेतल्याशिवाय कंडरेची डागडुजी टिकत नाही. लगामाचे दोर कापता येतात, पदर पुन्हा जुळवता येतात, फारच झिजलेला सांधा सोयीच्या कोनात कायमचा जखडता येतो किंवा सिलिकॉनचा बसवता येतो. पण मधला सांधा सरळ करण्याच्या नादात त्याचं वाकणं गेलं तर तो सौदा तोट्याचा. खुरपं, हातोडा, बसची दांडी धरणाऱ्या हाताला करंगळी आणि अनामिका वाकणं महत्त्वाचं. त्या पुऱ्या सरळ होत नसल्या तरी निभतं. तबलजीचा हिशेब वेगळा. म्हणून चांगला शल्यचिकित्सक बोटाकडे पाहण्याआधी विचारतो, ‘काम काय करता?’

आणि सगळं वेळेवर, नीट झालं तरी एक गोष्ट उरते. मार लागलेला मधला सांधा महिनोन्‌महिने, कधी वर्षभर सुजलेला राहतो आणि शेवटी थोडा जाड होऊनच थांबतो. पट्ट्या भरून येतात त्या जाड होऊन, त्यामुळे तो फुगीरपणा पुष्कळदा कायमचा. दुखत नाही, अडत नाही. फक्त हिवाळ्याच्या सकाळी मूठ वळायला थोडा वेळ लागतो. मार लागल्या क्षणी अंगठी काढायची असते ती यासाठीच. उशीर केला तर साबण, तेल, दोरा असं सगळं करून शेवटी ती सोनाराकडे कापावी लागते.

पुढे तीच अंगठी जोडून आणायला माणूस पेढीवर जातो तेव्हा सोनार मापाच्या रिंगांचा जुडगा काढतो. सांध्यावरून उतरेल असं माप घेतलं तर अंगठी मुळाशी गरगर फिरते. मुळाशी घट्ट बसेल असं घेतलं तर ती सांध्यापाशीच थांबते. सोनार दोनदा मापं घालून पाहतो, बोट उलटंपालटं करतो आणि मोठ्या मापाची अंगठी पुढे करत सांगतो, ‘आतल्या बाजूला दोरा गुंडाळून वापरा.’